माहीत असलेल्या उत्तराचा कौल

सर, मी तुमच्या दहाव्याला आलो नव्हतो. येता आलं असतं. निरोप वेळेवर मिळाला होता, शाळेला सुट्टी होती, एसटीही होती. मी घरी बसून दुपारपर्यंत सहामाहीचे पेपर तपासले आणि मग आंघोळ केली. नंतर कळलं, की गावातल्या शाळेत तुमच्यासाठी सभा झाली आणि पुष्कळजण बोलले. कडक पण मायाळू, असं एकजण म्हणाला. शास्त्रीय दृष्टीचा माणूस, असं दुसरा म्हणाला. हे दुसरं ऐकून मला हसू आलं होतं. त्याला आता वीसेक वर्षं होत आली, तरी ते हसू पुरतं गेलेलं नाही. या वर्षी शाळेत जे झालं त्यानंतर तर ते पुन्हा वर आलं, म्हणून हे लिहायला बसलो आहे. मीही गणिताचा मास्तर झालो, हे तुम्हाला ठाऊक होतं. इस्लामपूरजवळच्या एका हायस्कुलात आहे. तुमच्यामुळे झालो असं गावातले लोक म्हणतात. मी ते खोडून काढत नाही, कारण खोडायला लागलं की सगळंच सांगावं लागेल.

तुमचं बिऱ्हाड शाळेमागच्या दोन खोल्यांत होतं. पुढच्या खोलीत उजेड नसायचा, म्हणून आमची गणिताच्या स्पर्धेची तयारी स्वयंपाकघरात चालायची, सकाळी शाळा भरायच्या आत. आम्ही दोघं. एक मी, नववीतला, लष्करातल्या हवालदाराचा मुलगा, आणि दुसरा माझ्याच बाकावरचा, शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा. ओटा कडप्प्याचा, काळाभोर. तुम्ही त्यावरच खडूनं आकृत्या काढायचात. वर्तुळ काढायला काकूंचं ताट उपडं घालायचात. मला आत्ताही ते दिसतं आहे: शेगडीवर चहा उकळतो आहे, काकू परात घेऊन मागे उभ्या आहेत, आणि तुम्ही स्पर्शिकेबद्दल बोलता आहात. "आवं, भाकरीच्या पिठात खडू जातोय," त्या म्हणतात, आणि तुम्ही न ऐकल्यासारखं करता. मग त्या ओलं फडकं फिरवतात आणि अर्धं प्रमेय पुसून जातं. उरलेलं अर्धं आम्ही मनातल्या मनात पूर्ण करायचं, अशी तुमची रीत होती. चांगली रीत होती. तुम्ही शिकवायचात चांगलं, हे लिहिताना मला जड जात नाही. चांगलं शिकवणारा माणूस भेकड असू शकतो, एवढं मला नववीतच कळलं होतं.

मी सकाळी देवळात जाऊन यायचो. ग्रामदेवीचं देऊळ वाटेवरच होतं. कपाळाला अष्टगंध असायचं. तुम्हाला ते खुपायचं. तुम्ही माधवनगरचे, गिरणीत काम करणाऱ्या बापाचे, शहर पाहिलेले. देवधर्म हा तुमच्या लेखी खेडवळांचा उद्योग. "हे लावून वर्गमूळ निघतं का रं?" तुम्ही विचारायचात आणि अध्यक्षांचा मुलगा हसायचा. तो वाईट नव्हता, पण सर हसवताहेत म्हटल्यावर पोरगं हसणारच. एकदा मी एक गणित अडल्यावर डोळे मिटले, तर तुम्ही खडू माझ्या डोक्यावर आपटून म्हणालात, "देवीला बोलावतोयस काय? तिला गणित येत न्हाई. ती शाळेत गेली न्हाई." काकू तिकडून म्हणाल्या, "असलं बोलू नये सकाळच्या पारी." तुम्ही म्हणालात, "मग दुपारी बोलतो." मी त्यानंतर शाळेच्या नळावर कपाळ धुऊन तुमच्याकडे यायला लागलो.

स्पर्धा सांगलीला होती. प्रत्येक शाळेनं एकच मुलगा धाडायचा. जी मुलं वर येतील त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला मोठ्या प्राध्यापकांकडे महिनाभर शिकायला मिळणार होतं. तुम्हीच आम्हाला ते सांगितलं होतं, आणि सांगताना तुमचा आवाज बदलला होता. मी रात्री अंथरुणावर पडून त्या प्राध्यापकांचे चेहरे कल्पनेनं रचायचो. कोण जाणार याची मला शंका नव्हती, आणि उगाच गर्व म्हणून नव्हे. तुम्ही दर शनिवारी आम्हा दोघांना गणितं घालायचात आणि बहुतेक शनिवारी माझी जास्त सुटायची. हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, काकूंना ठाऊक होतं. तुम्हाला तर होतंच.

मग एका मंगळवारी तुम्ही आम्हाला म्हणालात, चला, देवळात जायचंय. मला वाटलं चेष्टा आहे. देवळात अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. तुम्ही चपला काढल्यात आणि घंटा वाजवायची की नाही, हे गुरवाकडे बघून ठरवलंत. आमच्या देवीचा कौल पंचक्रोशीत प्रसिद्ध. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न मोठ्यानं सांगतो, आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर कुठं खणावी, सोयरीक जुळवावी का, हरवलेला बैल कुठल्या दिशेला शोधावा, असलं लोक विचारतात. गुरवानं तुम्हाला विचारलं, "बोला मास्तर, काय इचारायचं द्येवीला?" तुम्ही अध्यक्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "शाळेतर्फे याला सांगलीला धाडावं का?" गुरवानं ते देवीला सांगितलं. पाकळ्या लावल्या. मी देवीच्या डोळ्यांकडे बघत होतो, खांद्यांकडे नाही. थोड्या वेळानं गुरव म्हणाला, "उजवी दिली." अध्यक्षांनी हात जोडले. तुम्ही समईकडे बघत म्हणालात, "झालं तर मग. देवीचीच इच्छा."

गुरवानं काही केलं असं मी म्हणत नाही. पाकळी पडली ती पडली. पण सर, तुम्ही माझं नावच घेतलं नव्हतंत. प्रमेय वेगळं आणि त्याचा व्यत्यास वेगळा, दोन्ही वेगवेगळे सिद्ध करावे लागतात, हे तुम्हीच आम्हाला ओट्यावर लिहून दाखवलं होतं. एकाला हो मिळालं म्हणून दुसऱ्याला नाही मिळालं, असं गणितात होत नाही आणि देवळातही होत नाही. मुलगा एकच जाणार होता आणि कुणाबद्दल आधी विचारायचं हे तुम्ही घरून ठरवून आला होतात. देवळाच्या पायऱ्या उतरताना अध्यक्षांच्या मुलानं मला हळूच विचारलं, "तुझं नाव का न्हाई घेतलं रं सरांनी?" त्याला खरंच कळलं नव्हतं. मी म्हटलं, इसरले असतील.

घरी आई ज्वारी निवडत होती आणि वडील सुट्टीवर आलेले, पेटीतले कपडे उन्हात घालत होते. मी झालं ते सांगितलं. आईला राग आला तो मला धाडलं नाही याचा नव्हे. ती म्हणाली, "द्येवीला कशापायी मधी घातलं? मास्तर सवता शिकवतोय, त्याला म्हाईत न्हाई व्हय कोन हुशार हाय? म्हाईत असलेलं इचारू ने द्येवीला. तिला राग येतो." वडील जास्त बोलणारे नव्हते. सदरा झटकत म्हणाले, "आमच्याकडं बी असलं साहेब हायेत. सवता हुकूम द्यायचं भ्या वाटलं की म्हनत्यात, वरनं ऑर्डर आलीया." आणि ते हसले. मी हसलो नाही. मी आईचं वाक्य धरून बसलो आणि आजतागायत ते सोडलेलं नाही. माझी सगळी भक्ती त्या एका वाक्यावर उभी आहे, असं म्हटलं तरी चालेल. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते देवाला विचारायचं नसतं. जे विचारतात त्यांना उत्तर नको असतं, आडोसा हवा असतो. तुमच्यासारख्या नास्तिकाची मला चीड नव्हती. नास्तिक राहिला असतात तर मी तुमच्या पाया पडलो असतो. ज्या देवीला तुम्ही ओट्याशी बसून अडाणी म्हणत होतात, तिच्याच पदराखाली तुम्ही अध्यक्षांना भिऊन लपलात, आणि वर आम्हाला ते तिच्या इच्छेच्या नावावर खपवलंत.

सांगलीला तुम्ही मलाही नेलंत. आईला सांगितलंत, त्याला सोबत हुईल. पहाटेची एसटी, विट्यावरून, तासगावावरून. तो आत पेपर लिहीत होता आणि मी त्या मोठ्या शाळेच्या आवारात कडुलिंबाखाली बसलो होतो. तुम्ही दुसऱ्या शाळांच्या मास्तरांशी बोलत उभे होतात. पेपर सुटला. तो बाहेर आला, तुम्ही त्याला भडंगाचा पुडा घेऊन दिलात आणि त्याच्या हातातली प्रश्नपत्रिका काढून माझ्यापुढे धरलीत. "हं. सोडव," म्हणालात. मी तिथंच दप्तर मांडीवर घेऊन सोडवायला बसलो. सर, तुमच्यावर एवढा राग असताना मला ती गणितं बघून आनंद झाला, हे मला आजही समजत नाही. तिसरं गणित आयताचं होतं. आयताच्या आत एक बिंदू, त्याची तीन कोपऱ्यांपासूनची अंतरं दिलेली, चौथ्या कोपऱ्यापासूनचं काढायचं. मी बिंदूतून बाजूंना समांतर दोन रेषा ओढल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर ते उलगडलं: समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या अंतरांचे वर्ग घेतले, की दोन्हीकडची बेरीज सारखी. अध्यक्षांचा मुलगा भडंग खात माझ्या खांद्यावरून बघत होता. "समदी आली काय रं तुला?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, न्हाई. आली होती.

परतीच्या एसटीत तासगाव सोडल्यावर तुम्ही माझा कागद खिशातून काढलात. हिसक्यांत तांबडी पेन्सिल हलत होती. एकेक बघत गेलात. शेवटी म्हणालात, "तिसऱ्यात मधली पायरी गाळलीस. असं चालत न्हाई." कागदाची घडी घातलीत, पुन्हा खिशात ठेवलीत आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटलेत. बाकीच्या गणितांबद्दल एक शब्द नाही. मी समोरच्या सीटच्या दांडीला धरून बसलो होतो आणि मला हळूहळू कळत होतं, तुम्ही मला सोबतीला आणलंच नव्हतंत. तुम्ही पडताळा घ्यायला आणलं होतंत. देवीनं दिलेलं उत्तर तुम्हाला पुरलं नव्हतं. ते चूक आहे हे तुम्हाला खात्रीनं बघायचं होतं, आणि बघून झाल्यावर खिशात घालायचं होतं. विटा येईपर्यंत तुम्ही झोपलेले नव्हतात. झोपलेल्या माणसाच्या पापण्या तशा हलत नाहीत.

वार्षिक परीक्षा झाल्यावर तुम्ही मला वर्गाबाहेर बोलावून नवी कंपासपेटी दिलीत. "घे. पुढं उपयोगी पडंल." कशाबद्दल, ते तुम्ही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी ती घरी नेली नाही. सरळ देवळात जाऊन उंबऱ्याच्या आत ठेवली आणि परत फिरलो. गुरवाला वाटलं कुणाचा तरी नवस फिटला. त्यानं ती आपल्या मुलीला दिली, आणि दहावीत माझा कोनमापक मोडला तेव्हा मी तिच्याकडूनच मागून नेला. यात काही मोठा अर्थ शोधू नका. चांगला कोनमापक होता.

आता तुमच्या त्या स्पर्धांचं काय झालं आहे ते सांगतो. तुम्ही बघितलं असतं तर तुम्हाला आवडलं असतं, कारण आता सगळ्यांचीच सोय आहे. दर महिन्याला कुठल्या तरी कंपनीची ऑलिंपियाड असते. पोरं उत्तरपत्रिकेवरचे पर्यायांचे गोळे काळे करतात. पायऱ्या कुणी विचारत नाही, त्यामुळे गाळायलाही काही उरलेलं नाही. मग खोक्यातून पदकं येतात, सोनेरी, रुपेरी, आणि ज्यांना काहीच आलं नाही त्यांना सहभागाचं. आमच्या शाळेत एका मुलाला विशेष गुणवत्तेचं प्रमाणपत्र आलं, तो त्या दिवशी गोवर येऊन घरी झोपला होता. त्याच्या आईनं ते फ्रेम करून लावलं. गोवर बरा झाला होता, तेवढं पुरे. इस्लामपूरच्या स्टँडसमोर कोट-टाय घातलेल्या पोरांचे फलक लागतात, आणि त्यांच्यामध्ये क्लासचा मालक हाताची घडी घालून उभा, जणू शून्याचा शोध त्यानंच लावला. सांगलीच्या त्या क्लासात गणित शिकवत नाहीत, चार पर्यायांतले तीन कसे खोडायचे ते शिकवतात. पालकांच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचार, आणि त्याखाली भांडण: आमच्या बंटीला रुपेरी का? मी हे सगळं बघतो आणि मला तुमची आठवण येते. माणूस गणिताशी एवढं खोटं वागू शकतो, हे मी पहिल्यांदा तुमच्याकडे पाहिलं.

तरीही एक स्पर्धा खरी राहिलेली आहे, किंवा निदान होती असं मला वाटत होतं. सांगलीलाच होते, दर शाळेमागे एकच नाव. आमच्या शाळेत या वर्षी दोन मुलं होती. तुम्ही हसाल. एक शाळा समितीच्या अध्यक्षांचा नातू. गोड मुलगा, चटपटीत, दर रविवारी गाडीतून सांगलीच्या क्लासला जाणारा. दुसरी एका जैन शेतकऱ्याची मुलगी, नववीत, मळ्यातल्या घरातून सायकलवर येणारी. मी वर्गात ते आयताचं गणित दरवर्षी घालतो. या वर्षी ते सोडवून दाखवलं, तर ही उभी राहिली. "सर, बिंदू आयताच्या बाहेर असला तर?" मी म्हटलं, आत आहे असं दिलंय ना. ती म्हणाली, "दिलंय. पण बाहेर असला तर?" आणि बसली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर येऊन तिनं बिंदू बाहेर घेतला आणि बेरीज तशीच येते हे दाखवलं, एकही पायरी न गाळता. इतकी वर्षं मी तो बिंदू आत ठेवून समाधानी होतो. अध्यक्षांचा नातूच आधी म्हणाला, "सर, तिचं बरोबर आहे." मग वर्गानं बाकं वाजवली. त्या दिवसानंतर कोण जाणार हा प्रश्न वर्गापुरता मिटला होता.

मुख्याध्यापकांपुरता मिटला नव्हता. ते वाईट गृहस्थ नाहीत, निवृत्तीला आले आहेत. त्यांनी मला बोलावलं, चहा मागवला, दार लोटून घेतलं. "आवं सर, तुमी गणितवालं लय सरळ चालता," ते म्हणाले. "पोरगी हुशार हाय, कोन न्हाई म्हनतंय? पन तुमी ठरवलं तर तुमच्यावर यील, मी ठरवलं तर माज्यावर. त्यापरीस चिठ्ठ्या टाकू. पाचवीतल्या एकाद्या पोरीला उचलायला लावू, म्हंजी शंका नको. द्येवाच्या मनात आसंल त्ये हुईल." मी त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत होतो. त्यांनी हळूच अजून एक सांगितलं, की बदल्यांची यादी मार्चात वर जाते आणि अध्यक्षांच्या शब्दाशिवाय जात नाही. मुलगी माझी बारावीला आहे, बायकोचे वडील आमच्याकडेच अंथरुणाला खिळलेले. हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच त्यांनी सांगितलं, आणि मायेनंच सांगितलं. मी म्हटलं, एक दिवस द्या. ते म्हणाले, "घ्या की. चिठ्ठ्या काय, परवा बी टाकता येत्यात."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच मुलीचे वडील मोटारसायकलवरून आले. उसाला पाणी पाजून तसेच आले होते, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, एक इचारायचं हुतं. सांगलीचा पेपर कवा सुटतोय? न्हाई म्हंजी, आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत. ती लय काटेकोर हाय त्यात. उशीर हुनार असला तर डबा संगं देतो, वाटंत खाईल." मी विचारलं, ती जाणार असं तुम्हाला कुणी सांगितलं? "कोन सांगंल? समद्या वर्गाला म्हाईत हाय की." मग जरा घाबरून म्हणाले, "का ओ सर? काय बदललं काय?"

मी म्हटलं, नाही. पेपर दुपारीच सुटतो. डबा नको.

आणि मी आत जाऊन मुख्याध्यापकांना तिचं नाव सांगितलं. कुणी कारण विचारलं तर मी सांगितलं म्हणून सांगा, असंही म्हटलं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. आता अध्यक्ष माझ्या नमस्काराला मान हलवत नाहीत. मार्च अजून यायचा आहे. मुलगी सांगलीला जाऊन आली. नंबर पुष्कळ खाली आला, कारण या वर्षी तिथंही गोळेच होते. एका प्रश्नाच्या चारही पर्यायांत बरोबर उत्तर नव्हतं, आणि ते का नाही हे कच्च्या पानावर सिद्ध करत ती बसून राहिली. नातू गेला असता तर वर आला असता, हे मला मान्य आहे. मुख्याध्यापक दोनदा तसं बोलूनही दाखवतात. ती मात्र परत आल्यावर पोर्चमध्येच मला म्हणाली, "सर, पेपर चुकलाय त्यांचा," आणि तो कसा चुकला हे दाखवायला पायरीवर बसली. तिला तिथं जायचं होतं, ती गेली, आणि तिनं त्यांना तपासलं. मला एवढंच हवं होतं. बाकी ती स्पर्धा त्यांनी खुशाल खोक्यात भरून कुणालाही पाठवावी.

काकू अजून आहेत, माधवनगरला धाकट्या मुलाकडे. एकदा मनात आलं, हे त्यांना पाठवावं. पण त्यांना आता दिसत नाही, घरातलं कुणीतरी वाचून दाखवणार, आणि त्या पदर डोळ्याला लावून ऐकणार. त्यांनी मला तुमच्या घरातून कधी उपाशी परत पाठवलं नाही. तेव्हा हे कुणालाच जाणार नाही.

स्टाफरूममध्ये दोघंतिघं म्हणाले, सर, तुमी धाडस केलं. मी ते ऐकून घेतलं. तुम्हाला मात्र खरं सांगायला हरकत नाही. तो एक दिवस मी मागून घेतला, त्या संध्याकाळी मी गावी, आपल्या त्याच देवळात गेलो होतो. कौल लावला नाही, तेवढी लाज होती. आरती झाली, लोक प्रसाद घेऊन निघाले, आणि मी हात जोडून देवीला म्हणालो, की त्या मुलीच्या बापाच्या मनात येऊ दे, पोरीच्या जातीला एवढ्या लांब कशाला धाडायचं. त्यानं आपणहून येऊन नको म्हणू दे, म्हणजे मला काही करावं लागणार नाही. मनापासून मागितलं. आयुष्यात फार थोड्या वेळा एवढं मनापासून मागितलं असेल. सकाळी फाटकात त्याची मोटारसायकल दिसली, तेव्हा मला वाटलं, ऐकलं तिनं. आणि तो डब्याचं विचारायला लागला.

सर, तुमचं तिनं ऐकलं होतं. माझं ऐकलं नाही. आपल्या दोघांत फरक आहे तो एवढाच, आणि तोही मी केलेला नाही.